नाटकाच्या प्रकाशयोजनेतून संगणकाकडे वळायचंय, ऑनलाइन पदवी कोणती घ्यावी?

उजेडवाला

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

वय ३२. छत्रपती संभाजीनगरला नाट्यशास्त्रात बी.ए. केलं, २०१४ ला पुण्यात आलो, तेव्हापासून नाटकांचे दिवे सांभाळतो. आधी दुसऱ्याच्या हाताखाली शिडीवर चढून दिवे टांगायचो. आता दोन व्यावसायिक नाटकांचं ऑपरेटिंग आणि एका प्रायोगिक संस्थेची रचना माझ्याकडे आहे. पैसे नाईटवर. महिन्याला अठरा-वीस प्रयोग लागले तर घर नीट चालतं. जून-जुलैत आणि शाळांच्या परीक्षांच्या दिवसांत सहा-सातवर येतं. बायको पतसंस्थेत नोकरीला आहे, मुलगी बालवाडीत.

मार्च २०२० मध्ये नाट्यगृहं बंद झाली. मधे काही महिने निम्म्या खुर्च्यांवर उघडली, परत मिटली, आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा सुरू झाली. त्या दीड वर्षात मी भावाच्या दुकानात बसलो. तेव्हाच ठरवलं होतं की दुसरं काहीतरी हातात पाहिजे. नाटक परत सुरू झालं आणि विषय मागे पडला. आता मुलगी शाळेत जायला लागली तसा पुन्हा वर आलाय.

संगणकच का, तर एक गोष्ट सांगतो. दौऱ्यावर प्रत्येक नाट्यगृहात सर्किटांचे, म्हणजे दिवे जोडायच्या जागांचे, क्रमांक वेगळे असतात. माझ्या कागदावर डावीकडचा समोरचा दिवा १२ नंबरचा असेल, तर एका गावात तो ३१ वर येतो, दुसऱ्या गावात ७ वर. पूर्वी बसमधून उतरलो की संध्याकाळपर्यंत हे आकडे वहीत बदलत बसायचो. २०१८ मध्ये एक्सेलमध्ये तक्ता केला. नाट्यगृहाचं नाव निवडलं की सगळ्या क्यूंचे (क्यू म्हणजे प्रयोगात दिवे बदलायचा एकेक क्षण) आकडे आपोआप बदलतात. कुणी शिकवलं नाही, यूट्यूबवर बघून व्हीलूकअप हे एक्सेलचं सूत्र शिकलो. त्या रात्री मला जो आनंद झाला तसा पहिल्या प्रयोगालाच झाला असेल. हे काम मला आवडतं, एवढं नक्की कळलंय.

अडचण अशी की बारावी कला शाखेतून, गणित नव्हतं. दहावीला गणितात जेमतेम निघालो.

आत्ता समोर तीन गोष्टी आहेत. एका खासगी विद्यापीठाची ऑनलाइन एमसीए, म्हणजे संगणकातली पदव्युत्तर पदवी. तिथल्या बाई दिवसाआड फोन करतात, दीड लाखाच्या आसपास फी, ‘नो कॉस्ट ईएमआय, आजच सीट ब्लॉक करा’. दुसरं इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ. तिसरं आयआयटी मद्रासचा ऑनलाइन बीएस, त्याबद्दल एका नटाच्या मुलाकडून ऐकलं. कुणी कला शाखेतून असं गेलंय का? खरंच नोकरी लागते का? आणि गणिताचं काय करायचं?

वेलांटी

दादा, मी गेले आहे, म्हणून सविस्तर लिहिते. मी बी.ए. मराठी. पुण्यात एका छापखान्यात अकरा वर्षं डीटीपी केलं. पाठ्यपुस्तकं, दिवाळी अंक, लग्नपत्रिका, जे येईल ते. तुमचा एक्सेलचा तक्ता वाचला आणि मला माझी वेलांटी आठवली. इथलं नाव त्यावरूनच घेतलंय.

झालं असं, २०१९ मध्ये आमच्या मालकांना जुनी पुस्तकं ई-बुकसाठी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, हवी होती. जुन्या फॉन्टमध्ये अक्षर दिसतं तसं टाइप होतं. म्हणजे ‘कि’ लिहायचं तर आधी वेलांटी, मग क. युनिकोडमध्ये उलट, आधी क साठवला जातो, मग वेलांटी. रफाराचंही तसंच. ‘वर्ष’ जुन्या फॉन्टमध्ये व, ष आणि मग डोक्यावर रफार, युनिकोडमध्ये र आधी आणि ष नंतर. फुकटचे कन्व्हर्टर मिळायचे, ते वेलांटीला एक घर पुढे ढकलायचे आणि मोकळे व्हायचे. ‘कि’ बरोबर व्हायचा, पण ‘निश्चित’ चं ‘निश्‍िचत’ व्हायचं. तुम्ही मराठी बातम्यांत हे फुटलेलं ‘निश्‍िचत’ शंभरदा पाहिलं असेल. मी तीनशे पानांचं एक पुस्तक हाताने दुरुस्त केलं, नऊ दिवस लागले.

दहाव्या दिवशी वहीत मराठीत लिहिलं: ‘वेलांटी दिसली की उचल. पुढचं अक्षर अर्धं आहे का बघ. अर्धं असेल तर अजून पुढे जा. पूर्ण अक्षर आलं की त्याच्यानंतर ठेव.’ चार वाक्यं. ह्याला लूप म्हणतात हे मला एक वर्षाने कळलं. पण विचार माझा होता, आणि तो बरोबर होता. तुमचंही तेच झालंय. म्हणून मी तुम्हाला ‘जमेल का’ ह्या प्रश्नावर फार वेळ घालवू देणार नाही. तुमच्या डोक्यात ते आहे. प्रश्न आहे पैसा, आठवडा आणि गणित ह्यांचा.

आधी त्या फोनवाल्या बाईंचं बघू. ऑनलाइन पदवी म्हणून कमी दर्जाची, असं आता नाही. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, मान्यता दिलेल्या संस्थेतली ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाची पदवी नेहमीच्या पदवीला समकक्ष धरली जाते, आयोगाने २०२२ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं. पण मान्यता विद्यापीठाला आहे तेवढ्यावर भागत नाही. तोच अभ्यासक्रम, त्याच वर्षासाठी, यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या म्हणजे डीईबीच्या यादीत आहे का ते स्वतः उघडून बघा. कुणी पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर जाऊ नका. आणि फोन विद्यापीठातून येतोय की मधल्या कंपनीतून, ते विचारा. एखाद्या कंपनीला फ्रँचायझी देऊन असे अभ्यासक्रम चालवायला यूजीसीची मनाई आहे. पैसे भरायचेच तर थेट विद्यापीठाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर भरा. आणि कुणी ‘ऑनलाइन बी.टेक.’ देतो म्हणाला तर फोन तिथेच ठेवा, अभियांत्रिकीच्या पदवीला ऑनलाइन परवानगीच नाही.

‘नो कॉस्ट ईएमआय’ म्हणजे बहुतेक वेळा तुमच्या नावावर काढलेलं कर्ज असतं, हे कृपा करून लक्षात ठेवा. माझ्या धाकट्या भावाच्या अंगाशी आलंय. दोन महिन्यांत त्याने अभ्यासक्रम सोडला, हप्ता मात्र अठरा महिने कापला जात होता. शिकवणारे म्हणायचे कर्ज देणाऱ्यांना विचारा, कर्ज देणारे म्हणायचे शिकवणाऱ्यांना विचारा. आई रोज विचारायची, ‘अरे, किती राहिले?’ तुमचं उत्पन्न नाईटवर आहे. पावसाळ्यात सहा प्रयोग आणि दर पाच तारखेला हप्ता, हे गणित बसणार नाही.

मी आयआयटी मद्रासचा घेतला. तो २०२० मध्ये सुरू झाला, मी २०२१ मध्ये शिरले. तेव्हा नाव प्रोग्रॅमिंग अँड डेटा सायन्स होतं, आता डेटा सायन्स अँड ॲप्लिकेशन्स आहे. जेईई लागत नाही. बारावी कुठल्याही शाखेतून चालते, दहावीला गणित आणि इंग्रजी असलं पाहिजे. म्हणजे तुम्ही बसता. आधी चार आठवडे चार विषय शिकवतात, दर आठवड्याला स्वाध्याय, मग केंद्रावर जाऊन पात्रता परीक्षा. ती झाली की पायाभूत टप्पा, आठ विषय. पुढे दोन पदविका, एक प्रोग्रॅमिंगची, एक डेटा सायन्सची. मग पदवी. प्रत्येक टप्प्यावर थांबता येतं आणि थांबलात तरी हातात कागद असतो. मला हे फार महत्त्वाचं वाटलं, कारण आठ वर्षांत पदवी पूर्ण करायची मुभा असली तरी आपल्यासारख्यांचं आयुष्य मधेच कुठे वळेल सांगता येत नाही.

पैसे विषयागणिक भरायचे. माझ्या वेळी पायाभूत टप्प्यातला एक विषय ४,००० रुपयांचा होता. आता दर बदललेत, ते संकेतस्थळावर बघा. उत्पन्न आणि प्रवर्गानुसार सवलतही आहे. सत्रं वर्षात तीन, जानेवारी, मे, सप्टेंबर. एका सत्रात एकच विषय घेतलात तरी चालतं. मी दोन-दोन घेतले, सकाळी पाच ते सात आणि रविवार. एका विषयाला आठवड्याला दहा तास धरून चाला. त्याहून कमी सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

सगळ्यात आवडलेला विषय कॉम्प्युटेशनल थिंकिंग. त्यात आधी संगणक नसतोच. मुलांच्या गुणांची कार्डं, दुकानाची बिलं, शब्दांची कार्डं, असे गठ्ठे. एक-एक कार्ड उचलून बाजूला ठेवायचं आणि ‘सर्वांत जास्त गुण कुणाला’ हे शोधायची रीत शब्दांत मांडायची. मी खरोखर पुठ्ठा कापून तीस कार्डं केली होती. छापखान्यात कापायचं मशीन होतं, दहा मिनिटांचं काम. मधल्या सुट्टीत बाइंडिंगच्या टेबलावर ती पसरून बसायचे. शिकवणाऱ्यांत माधवन मुकुंद होते. त्यांचाच पायथन ह्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचा, एनपीटीएल ह्या आयआयटींच्या ऑनलाइन व्यासपीठावरचा मोफत कोर्स मी २०२० मध्ये तिसऱ्या आठवड्यात सोडून दिला होता, डोक्यावरून गेला होता. कार्डांनंतर तोच परत काढला आणि सरळ समजत गेला.

आता गणित. पहिला विषय संच, संबंध, फल इथून सुरू होतो, मग सरळ रेषा, वर्गसमीकरण, लॉगॅरिदम, शेवटी ग्राफ. तुम्ही घाबरू नका, कारण पहिलं प्रकरण तुम्ही दौऱ्यावर रोज करता. तुमच्या कागदावरचा प्रत्येक दिवा नाट्यगृहाच्या एकाच सर्किटला जातो ना? हे फल. दोन दिवे एका सर्किटवर जोडावे लागले तर? तरीही फलच, पण आता उलटं जाता येत नाही. सर्किट ३१ पेटलं म्हणजे कुठला दिवा, सांगता येणार नाही. पुस्तकात ह्याला अनेकास-एक फल म्हणतात. मी हे पस्तिसाव्या वर्षी वाचलं तेव्हा मला उदाहरण सापडायला दोन दिवस लागले होते, तुमच्याकडे ते वहीत लिहिलेलं आहे.

दुसरा गणिताचा विषय जड आहे, मॅट्रिक्स आणि कॅल्क्युलस. त्यात मी एकदा नापास झाले, पूर्ण फी पुन्हा भरली. तो काळ वाईट गेला. नवरा म्हणाला, ‘सोड आता, वेलांटीपुरतं आलं की.’ मी सोडलं नाही, पण पुढच्या सत्रात फक्त तेवढा एकच विषय घेतला आणि शेजारच्या अकरावीच्या मुलीबरोबर बसून गणितं सोडवली. ती मला शिकवायची, मी तिला मराठीचे निबंध तपासून द्यायचे.

२०२४ मध्ये प्रोग्रॅमिंगची पदविका हातात आली. त्यात एक किराणा दुकानाचं वेबॲप स्वतः बनवून तोंडी परीक्षेत समजावून सांगावं लागलं. आता शाळांसाठी डिजिटल पुस्तकं बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत आहे. १९,००० वर होते, ३८,००० वर आले. नोकरी पदविकेने दिली का? मुलाखतीत त्यांनी पदविका एक मिनिट पाहिली आणि माझ्या वेलांटीच्या प्रोग्रॅमवर पाऊण तास बोलले. पण पदविका नसती तर मुलाखतीला बोलावलं नसतं, हेही तितकंच खरं. पुढची पदवी चालू आहे, सावकाश.

एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण माहितीपुस्तिका वाचताना कुणाच्या लक्षात येत नाही. आयआयटीच्या दर सत्रातल्या दोन्ही क्विझ आणि सत्राची परीक्षा केंद्रावर जाऊन द्याव्या लागतात आणि त्या रविवारी असतात. नाटकवाल्यांचा रविवार मला माहीत आहे. तेवढं आधी बघा.

गोदाकाठ

वरचं सगळं वाचलं, ताईंना नमस्कार. इग्नूबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून.

मी नांदेड जिल्ह्यातला. बी.ए. इतिहास करून इग्नूमधून एमसीए केली, २०१२ ते २०१७. तेव्हा ती तीन वर्षांची होती, आता दोन वर्षांची आहे आणि ऑनलाइनही निघाली आहे. बारावीला गणित नसलेल्यांना आमच्या वेळी सीएस-६० नावाचा गणिताचा पाया करावा लागे. आताही गणित नसेल तर पूरक अभ्यासक्रम असतात, मात्र अटी विद्यापीठागणिक बदलतात, तेव्हा चालू वर्षाची माहितीपुस्तिका ओळ न ओळ वाचा. तुमची बी.ए. झालेली आहे, म्हणून पुन्हा पहिल्यापासून पदवी करण्यापेक्षा एमसीएचा विचार करायला हरकत नाही.

इग्नूची चांगली बाजू म्हणजे पुस्तकं. भाषा कोरडी आहे, पण विषय क्रमाने येतो, आणि ई-ज्ञानकोश ह्या इग्नूच्याच संकेतस्थळावर सगळी फुकट आहेत. प्रवेश न घेता आधी वाचून बघता येतात. स्वाध्याय हाताने लिहून द्यायचे. मला त्याचा कंटाळा यायचा, पण प्रोग्रॅम कागदावर लिहिल्याने जे डोक्यात बसलं ते अजून आहे.

अवघड बाजू: तुम्हाला कुणी ओढत नाही. आठवड्याचा धाक नाही. परीक्षा जून आणि डिसेंबर सत्रात, पेपर बरेच दिवस पसरलेले. माझी दोन वर्षं नुसती गेली, कारण शाळेचं काम आलं की मी अभ्यास पुढे ढकलायचो. अभ्यासकेंद्रावर सोबतीला एकही माणूस नव्हता. ज्याला वेळ स्वतः बांधून घेता येते त्याने इग्नू घ्यावं. नाहीतर ताई म्हणतात तो दर आठवड्याचा स्वाध्याय बरा.

कोथरूडकर

मी सॉफ्टवेअरमध्ये सोळा वर्षं आहे, गेली सात वर्षं मुलाखती घेतो. समोरच्या बाजूने काय दिसतं ते सांगतो.

मोठ्या कंपन्यांच्या फ्रेशर भरतीत दहावी-बारावीपासून साठ टक्क्यांची अट बऱ्याचदा असते, शिवाय कुठल्या वर्षी पास झालात तेही पाहतात. बत्तिसाव्या वर्षी नाट्यशास्त्राची पदवी घेऊन तुम्ही त्या रांगेत उभे राहू नका, तिथे तुमचा अर्ज माणसापर्यंत पोहोचणारच नाही. हे कडू आहे, पण आधी कळलेलं बरं. लहान कंपन्या, आणि ज्या कंपन्यांचं काम तुमच्या जुन्या धंद्याला लागून आहे त्या, हा तुमचा रस्ता. ताईंना नोकरी पुस्तकांच्याच कंपनीत लागली, बघा.

तुमच्या बाबतीत तर ते आणखी सोपं आहे. डीएमएक्स, म्हणजे बोर्डावरून दिव्यांना आकडे पाठवायची पद्धत, तुम्ही रोज वापरता. त्याच्या एका गटात, म्हणजे युनिव्हर्समध्ये, ५१२ वाहिन्या, प्रत्येक वाहिनीची किंमत ० ते २५५. ती २५५ वरच का थांबते, ह्याचं उत्तर म्हणजे संगणकशास्त्राचा पहिला धडा: आठ बिट, दोनाचा आठवा घात २५६, शून्यापासून मोजलं की शेवट २५५. आता हे आकडे आर्ट-नेट नावाच्या पद्धतीने साध्या नेटवर्कच्या वायरीतून जातात, आणि पायथनच्या थोड्या ओळींनी तुम्ही ते लॅपटॉपवरून पाठवू शकता. ग्रँडएमएसारख्या बोर्डांवर लुआ भाषेत प्लगइन लिहिता येतात. नाट्यगृहं, लग्नाचे मोठे हॉल, स्टुडिओ, संग्रहालयं, सगळीकडे हे लागतं. मला दिव्यांतलं काही कळत नाही. माझ्यासारखे पुण्यात हजारो आहेत. दिवेही कळतात आणि प्रोग्रॅमही लिहिता येतो, असा माणूस मी अजून मुलाखतीला पाहिलेला नाही.

पदवी घ्या, पण पहिल्या दिवसापासून एक वस्तू बनवायला लागा. तुमचा तो एक्सेलचा तक्ता घ्या, दुसरं काही शोधू नका.

उजेडवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचं उत्तर बायकोला वाचून दाखवलं. हप्त्याचं ऐकल्यावर ती म्हणाली, ‘त्या बाईंचा फोन आता मी घेते.’ घेतला. डीईबीची यादी विचारली, तर ‘मॅडम, सरांशी बोलून सांगते’. त्यानंतर फोन नाही.

रविवारचं मात्र पोटात गोळा आणणारं आहे. हंगामात रविवारी दुपारी एक आणि रात्री एक प्रयोग असतोच, कधी सकाळीही. ऑपरेटर म्हणून माझी बदली सहज होत नाही, क्यू माझ्या डोक्यात आहेत. एका सत्रात असे तीन रविवार गेले तर निर्माता दुसरा माणूस बघेल. ह्यावर काही सुचतं का?

गोदाकाठ सर, ई-ज्ञानकोशवरून गणिताचं एक पुस्तक उतरवून घेतलंय. बसमध्ये वाचतो. संचाचं प्रकरण झालं.

वेलांटी

दादा, मे सत्र घ्या. तुम्हीच वर लिहिलंय की जून-जुलैत प्रयोग सहा-सातवर येतात. मे सत्राच्या क्विझ त्याच सुमाराला पडतात, सत्राची परीक्षा ऑगस्टमध्ये. जानेवारीचं सत्र तुमच्या हंगामात येतं, ते सोडून द्या. सप्टेंबरमध्ये जमलं तर एक विषय, दिवाळीचे प्रयोग असतील तर तेही सोडा. सत्र सोडलं म्हणून कुणी काढून टाकत नाही. वर्षाला तीन विषय झाले तरी पायाभूत टप्पा तीन वर्षांच्या आत होतो. मला हे लांब वाटायचं. पण ती तीन वर्षं तशीही जाणारच होती.

आणि तुमचे क्यू फक्त तुमच्या डोक्यात असणं बरं नाही, ते लिहून काढा. प्रत्येक क्यूला नटाचं कुठलं वाक्य, किती सेकंदांत चढवायचा, कुठले दिवे, किती टक्के. असा तक्ता झाला की दुसरा माणूस तुमच्या जागी उभा राहू शकतो, आणि तोच तक्ता तुमच्या पहिल्या प्रोग्रॅमला खाद्य म्हणून लागेल. आम्ही छापखान्यात नव्या ऑपरेटरसाठी असं पानापानाचं टिपण ठेवायचो, म्हणून मला बाळंतपणाची सुट्टी मिळाली होती.

अर्जाचे पैसे भरण्याआधी आठ आठवडे फुकट अभ्यास करून बघा. पायथनची सुरुवात, रोज एक तास, दौऱ्यावरही. आठ आठवड्यांनंतरही हात आपोआप लॅपटॉपकडे जात असेल तर भरा. दौऱ्यावर रात्री दोनला प्रयोग आवरल्यावर डोळे मिटत असतील, तेव्हा नका बसू. सकाळी नाष्ट्याआधी बसा. मी रात्री बसून तीन महिने वाया घालवले.

एक छोटं काम देते. तुमचा तक्ता एक्सेलमधून काढून पायथनच्या डिक्शनरीत घाला. किल्ली म्हणजे तुमचा दिवा, किंमत म्हणजे नाट्यगृहाचं सर्किट. मग एक क्यू त्यातून बदलून दाखवायला सांगा. अडलात तर इथेच टाका, सगळी चूक जशीच्या तशी, लाल अक्षरांसकट.

उजेडवाला

सव्वादोन महिन्यांनी लिहितोय, माफ करा, दौऱ्यावर होतो.

ताई, झालं. म्हणजे आधी झालं नाही. पुण्याच्या आकड्यांवर बरोबर चाललं. मग सांगलीच्या दौऱ्यात तिथले आकडे घातले आणि क्यू १९ ला समोरचा एक दिवा ४० वर हवा तो ८० वर येत होता. दोन तास शोधलं. तिथे दोन दिवे एकाच सर्किटवर जोडले होते, एकाला ४० आणि एकाला ८०. प्रोग्रॅम जो शेवटी वाचेल तो आकडा ठेवत होता. तुमचं ते अनेकास-एक फल! मी बसमध्ये एकटाच जोरात ‘अरे!’ म्हणालो, आमचे नायक दचकून उठले. आता अशी टक्कर झाली की प्रोग्रॅम मला सांगतो आणि कुठला आकडा ठेवू ते विचारतो. सांगलीच्या प्रयोगाआधी दिवे लावायला पाच वाजता उतरलो आणि साडेसहाला मोकळा होतो. तिसऱ्या घंटेपर्यंत विंगेत बसून चहा प्यायलो.

कोथरूडकर सर, आर्ट-नेटचं अजून जमलेलं नाही. आकडे जातात पण दिवा लुकलुकतो. वेगळा धागा काढून विचारतो.

मे सत्राचा अर्ज भरला. पात्रता फेरीचे पहिले दोन आठवडे झाले. सांख्यिकीत बरे गुण आहेत, गणितात कसेबसे. परीक्षेचं शहर पुणे टाकलंय. त्या रविवारी दुपारचा प्रयोग यशवंतराव चव्हाणला लागलाय. क्यूंचा तक्ता लिहून काढलाय, चौदा पानं झाली. माझा पूर्वीचा सोबती येतो म्हणालाय, गुरुवारी तालमीला त्याला बोर्डवर बसवून बघणार आहे. तेराव्या पानावरचा ब्लॅकआऊट नटाच्या श्वासावर आहे, तो कसा लिहायचा ते अजून सुचलेलं नाही.